भंगारातल्या गाडीला मैदान द्या

थोडं लांबलंय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

धाराशिवमध्ये माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. माझ्याकडे कामाला एक पोरगा आहे. आयटीआय अर्ध्यात सुटलेलं, वय एकोणीस. गेल्या उन्हाळ्यात त्यानं भंगारात निघालेल्या रिक्षाचं इंजिन-गिअरबॉक्स, जुन्या मारुतीचं स्टिअरिंग आणि इकडचे तिकडचे पाईप जोडून एक गाडी बनवली. एक सीट, ना दार ना टप. गावाकडं ओढ्याच्या वाळूत ती अशी पळाली की सगळं गाव बघायला आलं. रील पण झालं.

दुसऱ्याच रविवारी ती उतारावर उलटली. पोराचा खांदा मोडला. मान वाचली हे नशीब.

डोक्यावरच्या चौकटीसाठी त्यानं माझ्याकडे चार पाईप मागितले होते. मी म्हणालो, "खेळण्याला कशाला रे एवढं लोखंड?" चूक माझी आहे. म्हणूनच हे लिहितोय.

त्यानंतर लोक दोन गोष्टी बोलले. काही म्हणाले, पोरगा म्हणजे आपल्या जिल्ह्याचा रँचो. काही म्हणाले, रिकामटेकडे धंदे. मला दोन्ही पटत नाही. नुसत्या कौतुकानं पोरगं शहाणं होत नाही आणि नुसत्या शिव्यांनी थांबत नाही.

वाळूत पळणारी ही बग्गी मुळात अशाच उद्योगातून जन्मली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोरं जुन्या, ठोकलेल्या फोक्सवॅगन बीटल घ्यायची, वरचा पत्रा काढून टाकायची, चासी कापून आखूड करायची आणि वाळूत घालायची. १९६४ मध्ये ब्रूस मेयर्सनं याच बीटलचे भाग वापरून फायबरच्या बॉडीची बग्गी बनवली. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा वाळवंटात मोठी शर्यत झाली, ती त्याच्याच बग्गीनं जिंकली. पुढं १९७६ मध्ये त्याच नावानं तिकडं कॉलेजच्या मुलांची स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडे ती 'बाहा एसएई इंडिया' म्हणून २००७ पासून होते, इंदूरजवळच्या पिथमपूरला सुरू झाली. (काही जण 'बाजा' म्हणतात. बजाजशी संबंध नाही.)

त्या स्पर्धेचं मला काय आवडतं सांगू? इंजिन सगळ्यांना सारखंच, दहा हॉर्सपॉवरच्या आसपासचं. म्हणजे बापाच्या पैशावर जास्त ताकदीचं इंजिन आणता येत नाही. शर्यतीआधी गाडीची तपासणी होते. डोक्याभोवती पाईपची चौकट, म्हणजे रोल केज, ठरलेल्या मापाचीच हवी. पट्टा हवा. इंजिन बंद करायचं बटण आतून एक, बाहेरून एक. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. यात नापास, तर गाडी ट्रॅकवर जात नाही. कुणाचा वशिला चालत नाही. आणि शेवटी चार तास सलग खड्ड्यामातीत गाडी पळवायची. जुगाड आणि इंजिनिअरिंग यांच्यातला फरक तिथं कळतो.

पण ती स्पर्धा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. टीमचा खर्च लाखांत जातो. एका कॉलेजच्या टीमची रोल केज आमच्या दुकानात वेल्ड झाली होती. कुणी केली? याच पोरानं. दुसऱ्याचं डोकं वाचवायची चौकट त्यानं बनवली, स्वतःच्या डोक्यावर मात्र नव्हती. कॉलेजवाल्यांची चूक नाही, नियमच तसा आहे. पण मग या पोरानं जायचं कुठं?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात ना? यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. लोहारांनी साधारण साठ हजारांत भंगारातून चारचाकी बनवली, किकवर सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, असंही सांगितलं. ती गाडी घेऊन जानेवारी २०२२ मध्ये त्यांना बोलेरो दिली. आनंदच झाला. पण एका माणसाला बोलेरो मिळाली, पुढच्या लोहाराला काय मिळालं?

कायदा म्हणतो, घरी बनवलेली किंवा मनानं बदललेली गाडी रस्त्यावर नको. बरोबरच आहे. मी रस्ता मागतच नाही. मी मैदान मागतोय.

जिल्ह्यात वर्षातून एकदा स्पर्धा घ्या. आयटीआयची पोरं, गॅरेजवाले, फॅब्रिकेशनवाले, सगळ्यांना खुली. इंजिन सारखं, बाकी सगळं भंगारातलं. भंगार चोरीचं नको. २०२१ च्या नियमांनुसार वाहनं मोडीत काढायची नोंदणीकृत केंद्रं आहेत, तिथून पावतीवर घ्या. तपासणी कडक, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मास्तरांकडून. जागा एमआयडीसीतली मोकळी किंवा एखादा माळ. नदीपात्र नको, वाळूवरून आपल्याकडे भांडणं कमी आहेत का! आणि जिंकणाऱ्याला ढालीऐवजी नोकरीला दाखवता येईल असं प्रमाणपत्र द्या.

कुणी म्हणेल, इथं प्यायच्या पाण्याची बोंब आणि तुम्हाला गाड्या सुचतात. अहो, पेरणीयंत्र मोडलं की नीट करणारे हात हेच आहेत. ॲक्सल का तुटला हे शोधायला शिकलेलं पोरगं उद्या तुमच्याच ट्रॅक्टरच्या कामाला येणार आहे. २०१८ पासून आपला जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा नुसती कागदावरच ठेवायची का?

बैलगाडा शर्यतीचंच बघा. बंदी होती, मग नियम आले, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा मान्य केला. आज परवानगी काढून, अटी पाळून शर्यती होतात. बैलाला नियम मिळाले, तसे पोरांना पण मिळू द्या.

पोरगा आता बरा आहे. खांदा अजून पूर्ण वर जात नाही. नवी गाडी सुरू केलीय, आणि या वेळी पहिल्यांदा चौकट बनवलीय. पाईप मी दिले. मैदान देणं माझ्या हातात नाही.

ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आयटीआयचे निदेशक, कॉलेजचे प्राध्यापक, सरपंच कुणी वाचत असाल तर बोला. पहिल्या वर्षीच्या सगळ्या टीमच्या रोल केजची वेल्डिंग मी फुकट करून देतो. शब्द आहे.