घरचे आरोग्य : चाललो म्हणून खायचे का?

गेल्या रविवारी विहारात वंदना झाली, चहाचे कप फिरू लागले आणि महिला मंडळातील एका तरुण सूनबाईंनी आपला फोन आमच्यापुढे धरला. "काकी, हे बघा. पाऊण तास चालले. तीनशे दहा कॅलरी जळल्या म्हणतोय. मग आता तेवढं जास्तीचं खाल्लं तर चालेल ना?" विचारताना दुसऱ्या हातात बटाटेवडा होता, हेही सांगून टाकतो.

शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, परत खायचंच होतं तर चाललीस कशाला?" त्यावर धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या एक ताई जरा तडकूनच बोलल्या, "आणि न खाता चाललं तर कामाला ताकद कुठून आणायची? माझ्या कपाळाला टाका पडलाय तो फुकट नाही."

आजींचे खरे की ताईंचे, हे आम्हाला तिथल्या तिथे सांगता आले नाही. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा दोघींचेही खरे निघाले. कसे, ते सांगतो.

आधी सूनबाईंचा हिशेब. त्यांचे वजन सत्तर किलो. एवढ्या वजनाचे माणूस सपाट रस्त्यावर नेहमीच्या चालीने पाऊण तास चालले, तर साधारण १८० कॅलरी, म्हणजे उष्मांक, खर्च होतात. पण त्यातले पन्नासेक उष्मांक घरी नुसते बसून राहिल्या असत्या तरी खर्च झालेच असते, कारण श्वास घ्यायला, काळीज चालायला, अंग गरम ठेवायलाही शरीर अन्न जाळतेच. म्हणजे चालण्याची खरी जादा कमाई उरली १३० च्या आसपास. फोन दाखवतो ३१०. आता हा वाद त्यांनी त्या फोनशी घालावा!

हा दोष त्यांच्याच फोनचा नाही. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनगटावर बांधायची सात यंत्रे साठ माणसांवर तपासून पाहिली. नाडीचे ठोके बहुतेक यंत्रांनी ठीक मोजले. पण उष्मांक सांगताना त्यातले सर्वांत बरे यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकले, आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. दुकानदाराचा काटा इतका चुकला असता तर आपण रेशनच्या रांगेत केवढा गोंधळ घातला असता! इथे मात्र आकडा आपल्या सोयीचा असतो, म्हणून आपण गप्प बसतो.

आता दुसरी बाजू, खाण्याची. एक वडापाव म्हणजे तीनशेच्या आसपास उष्मांक. समोसा अडीचशे. स्वयंपाकातले मोठा चमचाभर तेल सव्वाशेच्या जवळ. साखरेचा एक लहान चमचा वीस. दिवसातून चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे नुसती साखरच १६० ची झाली. पाऊण तास घाम गाळून मिळवले १३० आणि बसल्या जागी कपातून गेले १६०. वजनाच्या बाबतीत ताटाचे आणि कपाचे पारडे पायांच्या पारड्यापेक्षा फार जड आहे, हे एकदा ध्यानात घेतले की बराच घोटाळा मिटतो.

आमच्यावर बेतलेलेच सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही रोज सकाळी चालायला सुरुवात केली. परतताना नाक्यावर चहा, सोबत कधी पोहे, कधी मिसळ. चाललो आहोत, मग एवढा हक्क आहेच, असे मनाशी म्हणायचे. तीन महिन्यांनी मेडिकलवाल्याच्या काट्यावर उभे राहिलो तर दीड किलो वाढलेले. मेडिकलवाला म्हणाला, काटा बरोबर आहे. घरी आमची सून हसली, ते वेगळेच.

या ठिकाणी कोसलचा राजा पसेनदी, म्हणजे प्रसेनजित, याची आठवण होते. संयुत्त निकायात त्याची हकिकत आहे. राजेसाहेब एका वेळी द्रोणभर भात, वर कालवणे, असे जेवत. एकदा असेच तुडुंब जेवून ते धापा टाकत भगवंतांकडे आले. भगवंतांनी त्यांना रागे भरले नाही की श्रावस्तीला चार प्रदक्षिणा घाला असेही सांगितले नाही. खाताना जो भान ठेवतो आणि मात्रा ओळखतो त्याचे दुखणे कमी होते, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा एक तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली, त्याबद्दल रोजचे शंभर कार्षापण ठरवून दिले. राजाचे जेवण हळूहळू कमी होत नाळीभर भातावर आले आणि अंग हलके झाले. पालीत याला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात, म्हणजे जेवणातली मात्रा ओळखणे. आम्हाला या गोष्टीत 'हळूहळू' हा शब्द फार मोलाचा वाटतो. राजाने दुसऱ्याच दिवशी जेवण बंद केले नाही. (शंभर कार्षापण आपल्याला परवडणार नाहीत, घरातल्या शाळकरी पोराला एका पेरूवर हे काम सांगता येईल.)

तेव्हा बैठे काम करणाऱ्यांना, म्हणजे दुकानात, ऑफिसात, शिलाई मशीनवर, रिक्षात दिवस काढणाऱ्यांना आणि निवृत्त मंडळींना, आमचे सांगणे असे : सकाळ-संध्याकाळ चालत असाल तर त्याचे परत खाऊ नका. फारच भूक लागली तर फोनच्या आकड्यातला निम्मा तरी सोडून द्या आणि उरलेल्यातही तळलेले नको. एक उकडलेले अंडे सत्तर-ऐंशी उष्मांकांचे असते, पोटात बराच वेळ राहते. मोडाची मटकी आहे, ताक आहे, काकडी आहे.

इथवर आजी जिंकल्या. आता ताईंचे ऐका, कारण आमच्या मते खरा प्रश्न त्यांचाच आहे.

या ताई चार घरची कामे करतात. डॉक्टरांनी सांगितले, सत्तरवरून साठीवर या, गुडघे वाचतील, साखरही आटोक्यात येईल. ताईंनी मनावर घेतले. पहाटे पाचला उठून एक तास चालायचे, परत येऊन कोरा चहा आणि साखरेची गोळी, मग कामावर, दुपारी दोन वाजता एक चपाती. मुलाने फोनवर आईची माहिती भरली. काम कसले, या प्रश्नापुढे त्याने 'घरकाम, बैठे' यावर बोट ठेवले. फोनने सांगितले, दिवसाला १२०० उष्मांक खा. चालल्याचे परत खाऊ नका. बाराव्या दिवशी तिसऱ्या घरी फरशी पुसता पुसता डोळ्यांपुढे अंधारी आली, ताई ओट्याच्या कडेवर पडल्या. टाके पडले, आठ दिवसांचे खाडे झाले, दोन घरांनी पगार कापला.

आता कागदावर पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या गरजेचे तक्ते नव्याने दिले. त्यात ५५ किलोच्या बाईला बैठे काम असेल तर दिवसाला १६६० उष्मांक, मध्यम कष्टाचे असेल तर २१३० आणि भारी कष्टाचे असेल तर २७२० लागतात. ६५ किलोच्या पुरुषाला अनुक्रमे २११०, २७१० आणि ३४७०. बैठ्या आणि मध्यम कष्टाच्या बाईत किती फरक पडला? ४७०. म्हणजे चार घरच्या फरश्या, बादल्या, जिने यांचे ४७० उष्मांक त्या फोनच्या लेखी नव्हतेच. २१३० लागणार, वर चालण्याचे सव्वाशे-दीडशे, आणि खाणार १२००. रोजची हजारावर तूट. अशाने बाई पडणार नाही तर काय होईल?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. मजुराचे तास मोजले गेले पाहिजेत, हे त्यांनी कायद्यात आणायला लावले. आपल्या बायकांचे घरचे आणि परघरचे काम मात्र आजही मोजत नाहीत. पूर्वी मालक मोजत नसे, आता फोन मोजत नाही, आणि पोटचा पोरगा त्याला 'बैठे' म्हणतो. त्या पोराला आम्ही थोडे बोललो. वाईट वाटून घेऊ नये.

म्हणून कष्टाच्या कामावर असणाऱ्यांनी, मग ते सफाईचे असो, बांधकामाचे, हमालीचे की रुळांवरचे, आपल्या गरजेच्या आकड्यात ते काम आधीच धरावे. धरले असेल तर मग तेच काम 'व्यायाम' म्हणून दुसऱ्यांदा मोजू नये. तीही चूक होते. त्यातून पाचशेच्या आसपास कमी करावे. ताईंच्या बाबतीत सोळाशे-सतराशे खाऊनही वजन उतरेल. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० उष्मांक, तेव्हा पाचशेच्या तुटीने आठवड्याला अर्धा किलोच्या आत-बाहेर जाते. याहून घाई नको. आणि पहाटेचा तासभर फेरा? चार जिने दिवसातून तीनदा चढणाऱ्या बाईने तो एक तास झोप काढली तर आम्ही तरी तिला आळशी म्हणणार नाही.

साखरेच्या गोळीची गोष्ट वेगळी लिहितो, कारण ती जिवाशी गाठ आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी मेहनत केली तर रक्तातली साखर ७० च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, अंधारी, चिडचिड, ही त्याची लक्षणे. अशा वेळी वजनाचा विचार बाजूला. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यावी, पंधरा मिनिटे बसावे, बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी, आणि मग काहीतरी जेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यावे. अशा रुग्णांनी 'चालल्याचे परत खायचे का' हे डॉक्टरांनाच विचारावे, आणि वजन कमी होऊ लागले की गोळीची मात्राही तपासून घ्यावी. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या, दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासिकांनीही हे ध्यानात ठेवावे. त्या दिवशी संध्याकाळचा फेरा टाळावा, आणि गोळीचे काय करायचे हे आधी विचारून घ्यावे. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि माईसाहेब, ज्या स्वतः डॉक्टर होत्या, त्यांच्या पथ्यपाण्यावर लक्ष ठेवत. पथ्य पाळणे म्हणजे उपाशी राहणे नव्हे.

आणखी एक वर्ग आहे, त्याला सरळ 'खा' म्हणायचे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. सकाळ-संध्याकाळ मैदानावर घाम गाळणाऱ्या पोरांनी वजन घटवण्याच्या नादात जेवण तोडले तर पायात गोळे येतात, मुलींची पाळी चुकते, आणि वेळ सुधारण्याऐवजी वाढते. त्यांना भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे, सुकट, जे घरात असेल ते पोटभर द्या.

कोणी विचारील, मग दुप्पट चाललो तर दुप्पट वजन उतरेल का? तसेही होत नाही. टांझानियात हाद्झा नावाचे लोक आहेत, शिकार आणि कंदमुळांवर जगणारे, दिवसभर पायी. त्यांच्यावरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च पाश्चात्य शहरी माणसाएवढाच निघाला. शरीर कुठेतरी काटकसर करते, आपल्या आयांसारखीच. चालण्याने साखर, रक्तदाब, झोप, मन यांना फायदा होतो, तो घ्यावाच. वजनाची वसुली मात्र त्याच्याकडून फार मागू नये.

आपला हिशेब बरोबर आहे की नाही, हे काटा सांगतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर. तीन आठवड्यांत काहीच हलले नाही तर परत खाल्लेले जास्त झाले. आठवड्याला किलोहून जास्त उतरले, चक्कर आली, केस गळू लागले, तर कमी पडले.

ताई आता गोळी घेऊन, भाकरी-भाजी खाऊन घरातून निघतात आणि दहा वाजता दुसऱ्या घराचा जिना उतरताना पायरीवर बसून डब्यातली मटकी खातात. मुलाने फोनमध्ये 'कष्टाचे काम' असे दुरुस्त केले आहे. सूनबाईंनी त्या दिवशी अर्धा वडा आजींना दिला, आजींनी तो निमूटपणे खाल्ला. पौर्णिमेला विहारात काटा आणणार आहोत. दोघींचे आकडे त्यांची हरकत नसेल तर इथे छापू. जयभीम.