फुकट असेल, पण बेवारस नाही!

फायनल इयर सुरू झालं की आपल्याकडे एकच मंत्र ऐकू येतो, ‘टेन्शन नको, नेटवर तयार कोड मिळतो.’ मिळतो, हे खरंच आहे. मग ‘ओपन सोर्स आहे रे, फुकट आहे’ म्हणत फाइलच्या वरची कॉमेंट उडवायची, व्हेरिएबल्सची नावं बदलायची आणि ब्लॅक बुकवर आपली चार नावं छापायची. माझा आक्षेप कोड घेण्याला नाही, त्या उडवलेल्या कॉमेंटला आहे. कारण कोड कुणाचा आणि कोणत्या अटीवर दिला, हे बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं.

ओपन सोर्स म्हणजे मालक नसलेला कोड नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’ धरला जातो. एखाद्या कादंबरीचा अनुवाद केला म्हणून कादंबरी अनुवादकाची होत नाही. तसंच दुसऱ्याचा सी मधला प्रोग्रॅम ओळीवरून ओळ जावामध्ये उतरवला, तरी तो मूळ कोडवरच बेतलेला राहतो. आणि ज्या कोडबरोबर लायसन्सच नाही, तो तर वापरायला मोकळा नसतोच, परवानगी मागावी लागते.

लायसन्सच्या अटी वेगवेगळ्या असतात. एमआयटी, बीएसडीवाले म्हणतात, काहीही करा, विका, पण आमची कॉपीराइटची सूचना आणि लायसन्स ठेवा. जीपीएलची अट कडक आहे. बदललेला प्रोग्रॅम स्वतःपुरता वापरलात तर कुणी विचारणार नाही, पण दुसऱ्याला दिलात तर तुमच्या बदलांसकट सोर्स कोड त्याच लायसन्सखाली द्यायचा. पैसे घेऊन विकायला मात्र मनाई नाही!

‘हे सगळं कागदावर’ असं वाटत असेल तर लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरची गोष्ट बघा. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्याच्या आत लिनक्स आहे, पण सोर्स कोड दिलेला नाही. ओरड झाली आणि कंपनीने त्याच वर्षी कोड खुला केला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, जे आज कितीतरी वेगवेगळ्या राउटर्सवर चालतं. लिंक्सिस तेव्हा सिस्कोने विकत घेतली होती. पुढे २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर खटला भरला आणि २००९ मध्ये तडजोड झाली. थोडक्यात, अट पाळायला लावली म्हणून हजारो लोकांना शिकायला खरा कोड मिळाला.

काही जण म्हणतील, ‘कॉलेजच्या प्रोजेक्टला कोण विचारतंय?’ आज कदाचित कुणी नाही. पण तोच प्रोजेक्ट आपण गिटहबवर टाकतो, रेझ्युमेत लिहितो, कुणी त्यावर कंपनी काढायची स्वप्नं बघतो. तेव्हा ‘यातलं तुझं किती?’ हा प्रश्न येणारच. आयत्या बिळावरच्या नागोबाकडे त्याचं उत्तर नसतं.

उलट माझं म्हणणं आहे की नाव लिहिल्याने आपली किंमत वाढते. कुणीतरी लिहिलेला दहा हजार ओळींचा कोड समजून घेऊन त्यात पाचशे ओळींचा उपयोगी बदल करणं हे खरं इंजिनिअरिंग आहे. ते लपवून सगळंच आपलं म्हटलं, तर त्या पाचशे ओळींचं श्रेयही संशयात जातं.

म्हणून डिपार्टमेंटला एक सुचवावंसं वाटतं. ब्लॅक बुकमध्ये एक पान सक्तीचं करा : कोणता कोड घेतला, मूळ लेखक कोण, लायसन्स कोणतं, आम्ही काय बदललं. व्हायवाला एक्स्टर्नलने तेच पान आधी उघडावं. आणि मित्रांनो, सक्ती होईपर्यंत थांबू नका. या सेमिस्टरपासून ते पान आपणच जोडूया.