मिसाइलसोबत सेल्फी झाला? आता गाळ्यात चला!

डिफेन्स आणि एअरोस्पेसचं एखादं संमेलन भरलं की कॉलेजच्या ग्रुपवर पहिले दोन प्रश्न ठरलेले. सर्टिफिकेट मिळणार का? आणि अटेंडन्स धरणार का? मग बस ठरते, गळ्यात पास येतो, तोफेसमोर फोटो निघतो. हॉलमध्ये बडे पाहुणे ‘तरुणांनो, आकाश तुमचंच आहे’ म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो आणि रात्री स्टेटस टाकतो. विषय संपला!

पण मला सांगा, दुसऱ्या दिवशी काय?

पुण्याजवळ मोशीला २४ ते २६ फेब्रुवारी २०२४ या तीन दिवसांत महाराष्ट्र एमएसएमई डिफेन्स एक्स्पो झाला. त्याच्या नावातच ‘एमएसएमई’ आहे, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग. तरीही अशा ठिकाणी गर्दी कुठे होते? रणगाड्याभोवती. कोपऱ्यातल्या स्टॉलवर टेबलावर चार बुशिंग आणि दोन फ्लँज मांडून बसलेल्या माणसाकडे कोण बघतं? तुमची पहिली नोकरी त्या टेबलापलीकडे असण्याची शक्यता रणगाड्यापेक्षा जास्त आहे, तरीही.

आपल्या खारीचंच बघा. भाईंदर पूर्वेला खारी, गोडदेव, नवघर ही जुनी गावं. भाईंदर म्हटलं की पूर्वी मिठागरं आठवायची. आता टॉवर उभे राहिले आणि अधूनमधून इंडस्ट्रियल इस्टेटचे गाळे. शटर अर्धं वर, आत लेथ, पॉवर प्रेस, पॉलिशचा धूर. स्टीलच्या भांड्यांसाठी भाईंदरचं नाव आहेच. क्लासला जाताना रोज त्या गाळ्यांसमोरून जातो आपण. आवाज ऐकतो, आत डोकावत नाही.

या गाळ्यांत विमानाचे पार्ट बनतात असा माझा दावा नाही. पण धातू कापणं, ड्रॉइंग वाचणं, जॉब मोजणं ही विद्या तीच. मग डब्याचं झाकण आणि विमानाचा पार्ट यांत फरक कुठे पडतो? पहिला फरक मापात. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. एअरोस्पेसमधल्या कितीतरी भागांना त्याच्याही सातव्या हिश्श्याएवढी, ०.०१ मिलिमीटरची चूक चालत नाही. दुसरा फरक कागदात. धातूचा तुकडा कुठल्या हीटमधून आला, कुणी कापला, कुणी तपासला, कुठल्या मशीनवर, सगळ्याची नोंद लागते. उद्या एक पार्ट तडकला, तर त्याच लॉटमधले बाकीचे कुठे बसवलेत ते शोधता आलं पाहिजे. एएस ९१०० हे या क्षेत्राचं क्वालिटी स्टँडर्ड हीच शिस्त मागतं. ही शिस्त शिकायला आयआयटीच लागते असं नाही. आयटीआय, डिप्लोमा, बीएस्सी, अगदी कॉमर्सवाल्यालाही इथे काम आहे, कारण हे कागद कुणीतरी सांभाळायचेत.

आकडे छोटे नाहीत. सरकारी माहितीनुसार २०२४-२५ मध्ये देशातलं संरक्षण उत्पादन सुमारे दीड लाख कोटी रुपयांवर गेलं, निर्यात २३,६२२ कोटींची झाली. उत्पादनात खासगी उद्योगांचा वाटा मात्र साधारण २३ टक्के. नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए ची तिसरी असेंब्ली लाइन सुरू झाली. विक्रोळीत गोदरेज इस्रोसाठी विकास इंजिन बनवतं. माझगाव डॉकमध्ये पाणबुड्या बांधल्या जातात. सगळं लोकलच्या नाहीतर एसटीच्या अंतरावर!

आणि स्टेजवरच्या टाळ्यांनंतर काय होतं, याचं उदाहरण तर चार स्टेशनांवर आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मांडलं गेलं, देशभर गाजलं. त्यानंतरही डीजीसीएची नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. प्रदर्शनात कौतुक एका दिवसात होतं, परवानगीच्या फायलीला वर्षं लागतात. ही गोष्ट तुम्हाला पंचविशीच्या आत कळली, तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

पाहुण्यांची भाषणं ऐकूच नका, असं मी म्हणत नाही. सियाचीनच्या थंडीत कुठली वस्तू दगा देते, हे तिथे राहून आलेला अधिकारीच सांगू शकतो. पण प्रश्नोत्तरांची वेळ आली की ‘सर, युवकांना काय संदेश द्याल?’ हा प्रश्न कृपया विचारू नका. त्याऐवजी हे विचारा. छोट्या पुरवठादाराला पैसे ४५ दिवसांत देण्याचा नियम आहे, तुमच्याकडे प्रत्यक्षात किती दिवस लागतात? अ‍ॅप्रेंटिसला तुम्ही मशीनवर उभं करता की झाडू देता? २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. तुमच्या कारखान्यात त्यानंतर काय बदललं? आणि हो, आपण बनवलेलं शस्त्र कुणाला विकलं जातं, हेही विचारा. हा प्रश्न विचारल्याने देशप्रेम कमी होत नाही. जे हात शस्त्र घडवणार, त्यांना तो पडलाच पाहिजे.

एक मागणी कॉलेजांकडेही. टेक फेस्टला निवृत्त अधिकारी बोलवा, शास्त्रज्ञ बोलवा, जरूर बोलवा. पण स्टेजवर एक खुर्ची तीस वर्षं लेथ चालवलेल्या टर्नरला द्या. मायक्रोमीटर हातात घेऊन तो दहा मिनिटं बोलला, तर पीपीटीच्या चाळीस स्लाइड्सचं काम होईल. शाल-श्रीफळ त्यालाही शोभेल.

तोवर तुम्ही एवढंच करा. येत्या शनिवारी दोघं-तिघं मिळून जवळच्या एखाद्या गाळ्यात जा. चहाच्या सुट्टीत जा, कामात लुडबूड नको. ‘काका, हा जॉब कसला? रिजेक्ट कशामुळे होतो?’ एवढंच विचारा. एखादा हाकलून देईल, दुसरा तासभर सांगत बसेल. त्या तासाचं सर्टिफिकेट मिळणार नाही. पण पुढच्या एक्स्पोत तुम्ही त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी थांबाल आणि काय विचारायचं, हे तुम्हाला माहीत असेल.