कोनोकार्पस तोडले, तरी शिंका का थांबत नाहीत?

रस्त्याच्या दुभाजकातली गर्द हिरवी, शंकूसारखी छाटलेली झाडे तुम्ही पाहिली असतील. तीच कोनोकार्पस. गुजरात सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. त्याच्या परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा, अ‍ॅलर्जी होते, हे त्यामागचे एक कारण होते. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात नाक पुसत येणारा प्रत्येक तिसरा माणूस विचारतो, "डॉक्टर, त्या झाडामुळेच ना?"

माझे उत्तर असे, की झाड संशयित आहे, पण एकटा आरोपी नाही. परागकण हवेत असले म्हणजे सगळ्यांना अ‍ॅलर्जी होते असे नाही. ज्याचे शरीर त्या कणांना शत्रू समजते, त्यालाच त्रास होतो. शिवाय हे झाड रोज छाटले जाते तिथे त्याला फुले कमीच येतात. नवीन झाडे लावू नयेत, याला मात्र माझा पाठिंबा आहे.

मराठवाडा, सोलापूर, नगर अशा कोरड्या भागात माझ्या मते जुना गुन्हेगार वेगळाच आहे. गाजर गवत, म्हणजे आपले काँग्रेस गवत. 1950 च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले आणि आज बांधावर, पडीक जागेत सगळीकडे आहे. ते वाळले की संपले, असे नाही. वाळलेल्या पानांचा चुरा वाऱ्याने उडतो आणि पापण्या, मान, कोपराच्या खोबणीत खाज आणि जाड चट्टे उठवतो. शेतकरी बंधूंनो, हे गवत उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल हवाच. फुलावर येण्याआधी उपटा.

आता घराकडे वळू. धुळीतले अतिसूक्ष्म किडे कोरड्या हवेत टिकत नाहीत, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण उन्हाळ्यात दारे-खिडक्या लावून कूलर चालवला, की खोलीतला ओलावा वाढतो आणि गादीत त्यांचे बस्तान बसते. कूलरच्या वाळ्यावर बुरशीही येते. कूलर चालू असताना एक खिडकी थोडी उघडी ठेवा, पाणी वरचेवर बदला, टाकी घासून वाळवा.

कोरड्या हवेने नाकाचे अस्तरही सुकते, म्हणून मिठाच्या पाण्याच्या स्प्रेने बराच आराम पडतो. नाक मोकळे करणारे औषधी थेंब मात्र वेगळे. ते पाच दिवसांपेक्षा जास्त घातले तर नाक उलट जास्त चोंदते. हे थेंब वर्षभर वापरणारे रुग्ण मी पाहिले आहेत. खरा उपाय बहुधा डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे असतो. 'स्टेरॉइड' ऐकताच लोक दचकतात, आणि तेच लोक दर महिन्याला 'अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन' बिनदिक्कत घेतात! त्यात अनेकदा स्टेरॉइडच असते, आणि तेही सगळ्या शरीरात जाणारे. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. काय टोचले, ते नाव लिहून मागा.

शिंकांबरोबर रात्री खोकला येत असेल, छातीत सूं-सूं आवाज येत असेल, तर तो दमा असू शकतो. बोलताना धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा चेहरा, जीभ सुजली, तर घरगुती उपायात वेळ न घालवता 108 ला फोन करा.