दागिना घेताय? आधी त्याची मोड विचारा



या वेळी विषय सोन्याचा. धंद्याच्या चॅनेलवर सोनं कशाला, असं काहींना वाटेल. पण दिंडोशीत आमच्याकडे शिकायला कोण येतं ते बघा. संतोष नगरमध्ये डबे करणारी ताई, नागरी निवाऱ्यात ब्लाऊज शिवणाऱ्या काकू, कुरारमध्ये मोबाईल दुरुस्तीचा गाळा घ्यायला निघालेला मुलगा. यांच्या खात्यात फारसं काही नसतं, बँकेत तारण ठेवायला स्वतःच्या नावावर घर नसतं, पण घरात दोन-चार तोळे सोनं असतं. पहिलं मशीन, गाळ्याचं पहिलं डिपॉझिट पुष्कळ वेळा त्यातूनच निघतं. म्हणजे लग्नात किंवा दसऱ्याला घेतलेला दागिना हे तुमच्या धंद्याचं पहिलं भांडवल असू शकतं, आणि तो घेताना आपण भांडवल घेतोय असा विचार कोणी केलेला नसतो.

माझं मत असं: सराफाकडे बसल्यावर नक्षी जरूर बघा, पण पहिला प्रश्न विचारा, "हाच दागिना उद्या मोडायला आणला तर किती मिळतील?" अशुभ वाटतं, मला माहीत आहे. सोबत आलेली आत्या डोळे वटारेल. तरी विचारा. या एका प्रश्नातून वजन, शुद्धता, खडे, घडणावळ सगळं बाहेर येतं.

हिशेब करून बघू. सोपं जावं म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरा. हार २० ग्रॅमचा, त्यात खडे आणि लाख मिळून २ ग्रॅम. म्हणजे निव्वळ सोनं १८ ग्रॅम, किंमत १,८०,०००. घडणावळ १५ टक्के धरली तर २७,०००. वर ३ टक्के जीएसटी. बिल झालं साधारण २ लाख १३ हजार. दुकानाची पायरी उतरलात की त्याच हाराची मोड १,८०,०००, आणि त्यातूनही कुठे घट कापतात. ३३ हजार रुपये हे हौसेचे. हौस करू नका असं मी कोण सांगणार? पण ते हौसेचे आहेत हे माहीत असू द्या, त्यांना गुंतवणूक म्हणू नका.

आता तोच हार एखाद्याने खड्यांसकट २० ग्रॅम सोनं म्हणून लावला तर? सोनं २ लाख, घडणावळ ३० हजार, वर कर. बिल जवळजवळ २ लाख ३७ हजार. साडेतेवीस हजार रुपये काचेच्या खड्यांचे आणि लाखेचे! म्हणून पावतीवर ढोबळ वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. "आम्ही असंच लावतो" हे उत्तर आलं तर उठायला हरकत नाही. तोळ्याचंही तसंच. जुन्या हिशेबात तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज काउंटरवर तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजी "पाच तोळ्यांचा" म्हणते ते आणि सराफ म्हणतो ते एक नसू शकतं. ग्रॅममध्येच बोला.

शुद्धतेचं काम तुलनेने सोपं झालंय, आणि इथे मी सरकारच्या बाजूने आहे. पूर्वी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून सराफ सांगेल तो कस. विश्वास माणसावर होता. घराण्याचा सराफ चांगला निघाला तर ठीक. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, त्यानंतर जिल्हे वाढत गेले. १ जुलै २०२१ पासून प्रत्येक दागिन्याला स्वतःचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक आला, त्याला एचयूआयडी म्हणतात. सराफांनी याला विरोध केला, २३ ऑगस्ट २०२१ ला एक दिवस दुकानं बंद ठेवली. वेळ जातो, कागदपत्रं वाढतात, ही त्यांची तक्रार काही अगदी खोटी नव्हती. पण १ एप्रिल २०२३ पासून सराफाला हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणून आपल्याला हे फार मोठं हत्यार मिळालंय.

दागिन्यावर तीन खुणा शोधा: बीआयएसचा त्रिकोणी शिक्का, शुद्धता (२२ कॅरेटला २२के९१६, १८ ला १८के७५०, १४ ला १४के५८५) आणि तो सहा अक्षरी क्रमांक. खुणा बारीक असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. भिंग मागा. दहापट मोठं दाखवणारं भिंग दुकानात ठेवणं सराफाला बंधनकारक आहे, त्यामुळे मागताना लाजू नका. मग मोबाईलवर बीआयएस केअर अ‍ॅप उघडा, त्यात क्रमांक टाका. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता, तारीख आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. हा शेवटचा तपशील बहुतेक जण वाचतच नाहीत. अ‍ॅप 'अंगठी' सांगतंय आणि तुमच्या हातात चेन आहे, तर क्रमांक दुसऱ्या दागिन्याचा उचललाय. तिथेच थांबा.

तरीही संशय राहिला तर बीआयएसमान्य तपासणी केंद्रात स्वतः जाऊन तपासून घेता येतं. चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये. आणि हॉलमार्कचा दागिना लिहिलेल्या शुद्धतेपेक्षा कमी भरला, तर कमी पडलेल्या शुद्धतेच्या किमतीची दुप्पट रक्कम अधिक तपासणीचा खर्च ही भरपाई ग्राहकाला मिळायची तरतूद नियमांत आहे. पण हे सगळं कशावर उभं आहे? पक्क्या पावतीवर. वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट, हॉलमार्कचं शुल्क हे पावतीवर आलंच पाहिजे. "बिल नको असेल तर तीन टक्के वाचतील" ही ऑफर मिळते ना? वरच्या हारात ती सहा हजारांची आहे. सहा हजार वाचवायला तुम्ही दोन लाखांचा पुरावा फेकताय.

सगळ्यालाच हॉलमार्क लागत नाही, हेही माहीत हवं. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना सूट आहे, म्हणजे छोटी नथ, बाळाची कुडी यांवर खूण नसेल म्हणून लगेच भांडू नका. कुंदन, पोलकी, जडावाच्या कामालाही सूट आहे. तिथे शुद्धता पावतीवर शब्दांत लिहून घ्या. आईकडून आलेल्या जुन्या, क्रमांक नसलेल्या दागिन्यांचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. ते घरात ठेवायला किंवा सराफाला विकायला काहीच अडचण नाही. आणि 'केडीएम' या शब्दाला भुलू नका. तो कॅडमियमच्या डागाचा जुना प्रकार, कारागिराच्या फुप्फुसांना घातक. शुद्धतेची ती सरकारी खूण नव्हती आणि नाही.

आता माप. यावर कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते पैसे इथेही जातात. माप चुकलेला दागिना कपाटात पडतो, नाहीतर वर्षभरात मोडायला जातो, आणि मोडताना पुन्हा घडणावळ बुडते. बांगडीचं माप 'दोन-चार', 'दोन-सहा' असं सांगतात. त्याचा अर्थ दोन इंच आणि एका इंचाचे सोळावे भाग. दोन-चार म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, सुमारे ५७ मिलिमीटर. दोन-सहा म्हणजे साधारण ६० मिलिमीटर. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. रोजच्या काचेच्या बांगडीचा आतला व्यास पट्टीने मोजून जा. पण लक्षात ठेवा, काचेची बांगडी कासाराकडे दाबून चढवतात, सोन्याची पाटली तशी चढवली तर वाकते. पोकळ असेल तर चेपतेच. हाताची पेरं जाड असतील तर पेचाची बांगडी घ्या, ढिली गोल बांगडी घेऊ नका. लोकलच्या गर्दीत ढिली बांगडी कधी निसटली ते कळत नाही.

अंगठी संध्याकाळी मोजा. दिवसभराच्या उकाड्याने बोटं थोडी फुगतात, सकाळच्या मापाची अंगठी मे महिन्यात रुतते. रुंद पट्ट्याची अंगठी नेहमीपेक्षा जरा मोठी लागते. भोवताली पूर्ण खडे असलेली अंगठी नंतर लहान-मोठी करणं कठीण. साधी अंगठी वाढवायला दिलीत तर आधी आणि नंतर वजन तुमच्या समोर करून लिहून घ्या, आणि घासताना क्रमांक पुसला जाणार नाही ना हे विचारा. कानातल्याचं वजन फिरकीसकट आहे का, फिरकीही त्याच कॅरेटची आहे का? नथ टोचलेल्या नाकाची की क्लिपची? ठुशीला मागे गोंडा-दोरा असतो, ती कोणत्याही गळ्याला बसते. म्हणून सुनेला देणार, लेकीला देणार असं चाललं असेल तर ठुशीसारखी शहाणी वस्तू नाही.

भांडवल म्हणून बघताना एक गोष्ट आणखी. गहाण ठेवताना बँक फक्त सोन्याची किंमत धरते. खडे आणि घडणावळ शून्य. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. आपला २ लाख १३ हजारांचा हार म्हणजे जास्तीत जास्त १,५३,०००. ज्याला फक्त बचत करायची आहे त्याने गुरुपुष्याला कमी घडणावळीची वेढणी किंवा नाणं घ्यावं, ही आपल्याकडची जुनी रीत मला पटते. पण बिस्किटावर बँका कर्ज देत नाहीत, आणि नाण्यांवर मर्यादा आहेत. कर्जाचा विचार असेल तर साधी, खडे नसलेली चेन किंवा पाटल्या बऱ्या.

महिन्याच्या भिशी-योजनांबद्दल थोडक्यात. सराफाला आगाऊ पैसे घेऊन ३६५ दिवसांत माल द्यावा लागतो, नाहीतर ती ठेव मानली जाते. म्हणून योजना ११ महिन्यांच्या असतात. त्याहून लांब मुदत किंवा ठरावीक व्याज कोणी सांगत असेल तर तो सोनं विकत नाहीये. २०१९ च्या दिवाळीत गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली तेव्हा डोंबिवली-ठाण्याच्या किती तरी घरांत लग्नाचं सोनं अडकलं. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या दुकानासमोर गर्दी उसळली, तिथे तर मॉइसनाइटचे खडे देऊन दर आठवड्याला परताव्याचं आमिष होतं. दोन्हीकडे दुकान चकचकीत होतं.

तुमच्यापैकी ज्यांना याच धंद्यात उतरायचंय त्यांच्यासाठी. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफाला हॉलमार्कमधून सूट आहे. माझा सल्ला, ही सूट घेऊ नका. बीआयएसची नोंदणी मोफत आणि कायमची आहे, हॉलमार्कला दागिन्यामागे ४५ रुपये आणि कर, एका खेपेला किमान २००. पेठेतल्या पेढीने दोन पिढ्या घालवून जो विश्वास कमावला तो तुम्हाला पन्नास-साठ रुपयांत पहिल्या दिवशी मिळतोय. भिंग गिऱ्हाइकाने मागायच्या आधी पुढे करा, अ‍ॅप तुम्हीच उघडून दाखवा, मोडीचा नियम भिंतीवर लिहा. आणि घरून 'एक ग्रॅम'चे दागिने विकणाऱ्या ताईंनो, पाकिटावर स्पष्ट लिहा: पितळेवर किंवा तांब्यावर सोन्याचं पाणी, मोड नाही, इतके महिने चमक टिकते. गिऱ्हाईक पळत नाही. लग्नाच्या सीझनला तीच बाई चार मैत्रिणी घेऊन येते.

या रविवारी घरातले दागिने काढून एका वहीत यादी करा. दागिना, निव्वळ वजन, कॅरेट, क्रमांक असेल तर तो, पावती कुठे आहे, माप बसतं का. शेवटचा रकाना ठेवा: दागिना कोणाचा. लग्नात बायकोला मिळालेलं सोनं हे तिचं स्त्रीधन आहे, नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे पुन्हा सांगितलं. अडचणीत वापरलं तर ते किंवा त्याची किंमत परत करायची असते. तेव्हा मशीनसाठी तिच्या पाटल्या गहाण ठेवणार असाल तर आधी तिला विचारा, आणि ती हो म्हणाली तर धंद्याच्या वहीत तिचं नाव घेणेकरी म्हणून लिहा, रक्कम आणि तारखेसकट.