समन्स आलं की वकील गाठा
पुण्याच्या कॅम्पातल्या ‘बर्गर किंग’वर त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. जिल्हा न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये फेटाळला, कारण पुण्यातलं नाव १९९२ पासूनचं आणि कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान २०१४चं. डिसेंबरात उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. एवढी लढाई वकिलाविना कोण लढेल? एकट्या मालकाला स्वतः उभं राहता येतं, आणि हा हक्क मोलाचाच आहे. पण व्यापारी दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत लेखी कैफियत दाखल झाली नाही, तर ती देण्याचा हक्कच जातो. दुकानदारांनो, समन्स हाती पडेल त्याच आठवड्यात वकील गाठा.