विश्लेषण: कॉलेजचा लॅपटॉप महागला, वऱ्हाडातल्या घरांनी तो जुलैतच घ्यावा का?

सीईटीचे निकाल लागले की अमरावती-अकोल्यात प्रवेशाची धावपळ सुरू होते. फी, होस्टेल आणि मेसच्या जोडीला आता लॅपटॉपचा खर्चही ठरलेला असतो. अडचण आहे ती वेळेची. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात, तेव्हा शेतकरी घरातला पैसा बियाणं आणि खतात गुंतलेला असतो. सोयाबीन घरात येतं दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापूस त्याहून उशिरा.

४५ हजारांचा लॅपटॉप म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं जवळपास साडेआठ क्विंटल सोयाबीन. आणि बाजारात हमीभाव मिळेलच असं नाही. या किमतीत १८ टक्के जीएसटीचे सुमारे ६,८६० रुपयेही आले. सप्टेंबर २०२५ मध्ये टीव्ही-एसीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लॅपटॉपचा मात्र होता तेवढाच राहिला.

किमती का चढल्या?

कारण रॅमचं आहे. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्यावर त्यांनी उत्पादन तिकडे वळवलं, कारण नफा तिथे जास्त. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं सामान्य ग्राहकांना रॅम विकणारा आपला 'क्रूशियल' ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. याचा फटका स्वस्त लॅपटॉपला जास्त बसतो, कारण त्याच्या किमतीत रॅमचा वाटा मोठा असतो.

म्हणूनच '८ जीबी घेऊ, पुढे वाढवू' हा हिशेब आता तपासून घ्यायला हवा. अनेक पातळ मॉडेलमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. कॉम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्यानं शक्यतो १६ जीबीच घ्यावी, नाहीतर रॅमचा स्लॉट मोकळा आहे का, हे दुकानात विचारून घ्यावं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बीएस्सीला जाणाऱ्याचं काम मुख्यतः अहवाल, प्रेझेंटेशन आणि एक्सेलचं. त्याला ८ जीबी आणि एसएसडी पुरते. त्यानं गेमिंग लॅपटॉप घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ते यंत्र जड असतं, तापतं आणि बॅटरीही लवकर संपवतं. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे जिथे कलम १४४ लावावं लागलं, त्या अकोल्यात तापणारं यंत्र परवडत नाही.

जुना लॅपटॉप घेताना एक गोष्ट हमखास सुटते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. त्यामुळे १२ हजारांत मिळणारा जुना आय-५ दिसतो तितका स्वस्त नसतो.

पैसा कुठून आणायचा?

दुकानातला 'झिरो कॉस्ट ईएमआय' हा सर्वात सोपा रस्ता वाटतो. पण शून्य टक्के व्याज ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच घेतली होती. व्याज किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये मिसळलेलं असतं. रोख किंमत किती, हे आधी विचारलं की फरक कळतो. शिवाय हप्ता दर महिन्याला असतो, पीक मात्र महिन्याला येत नाही.

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर अभ्यासक्रमासाठी लागणारा कॉम्प्युटर त्यात धरता येतो. त्यासाठी अर्जासोबतच कोटेशन द्यावं. परतफेड शिक्षणानंतर सुरू होते, पण व्याज आधीपासून लागतं. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं. लॅपटॉप त्यात येत नाही.

उरतो थांबण्याचा पर्याय. किमती चढत असताना थांबण्यात धोका आहे. पण पहिल्या सत्रात बरंचसं काम कॉलेजच्या लॅबमध्ये होत असेल, तर वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा दिवाळीपर्यंतचे तीन-चार महिने काढणं अनेक घरांना झेपेल. त्यासाठी लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते आणि लॅपटॉप कोणत्या सत्रापासून लागतो, हे प्रवेशाच्या दिवशीच विभागात विचारून घ्यावं.